रतनगड झाला, आता घळीत चला!

रतनगडाच्या नेढ्यात बसून काढलेला फोटो ज्याच्याकडे नाही असा टी.ई.चा एक तरी मुलगा आपल्या होस्टेलवर शोधून दाखवा, माझ्यातर्फे एक कटिंग! पोझसुद्धा ठरलेली. पाय बाहेर सोडलेले, तोंड दरीकडे, पाठ कॅमेऱ्याकडे (म्हणजे फोटो आपोआप निघाला असं वाटतं), मागे अलंग-मदन-कुलंगची रांग आणि वर ढगांचे दोन पुंजके. गर्ल्स होस्टेलवरही हाच फोटो आहे, फक्त तिथे टोपीच्या जागी स्कार्फ असतो. मागच्या महिन्यात एका रूममध्ये चार वेगवेगळ्या बॅचचे चार फोटो शेजारी-शेजारी लावून पाहिले. माणसं बदलली होती, बाकी दगड तोच, ढगही बहुतेक तेच!

मित्रांनो, रतनगडाला नावं ठेवायला हा लेख लिहीत नाही. तो गड आहेच तसा देखणा. पण आपण सगळे एकाच जागी जाऊन एकच फोटो काढतोय आणि त्याच नदीच्या खालच्या अंगाला, आपल्या कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपने आजवर एकदाही पाय न ठेवलेला एक अख्खा प्रदेश डोळ्यांदेखत पुसला जातोय, हे मला सांगायचं आहे. त्याचे फोटो कुणाकडे फारसे नाहीत. ते आपण काढावेत असं माझं स्पष्ट मत आहे. ‘आपण’ म्हणजे आपण, भूगोलवाले आणि पुरातत्त्ववाले आपापलं काम करतातच.

ती नदी म्हणजे प्रवरा. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे ना, जिथे आपण बुटातले खडे काढत बसतो, त्याच परिसरातल्या डोंगरउतारांवरून ती निघते. निघाल्या-निघाल्याच भंडारदऱ्याचं धरण तिला अडवतं. १९२६ साली पुरं झालेलं हे धरण अजून ठणठणीत आहे, आणि सिव्हिलच्या मुलांनी तरी त्याच्या भिंतीकडे पाठ करून सेल्फी काढू नये अशी माझी नम्र विनंती आहे. पुढे रंध्याचा धबधबा, मग अकोले, मग संगमनेर, आणि शेवटी नेवाशाजवळ प्रवरासंगमला गोदावरीत विसर्जन. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याची ही नदी जिल्ह्यातच जन्मते आणि जिल्ह्यातच संपते.

आता गंमत बघा. घाटमाथ्यावर घाटघरच्या बाजूला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या संगमनेरात तो पाचशेच्या आतबाहेर येतो. म्हणजे एस.टी.ने दोन-अडीच तासांच्या अंतरात पाऊस एक दशांश! वर जंगल, करवंदाच्या जाळ्या, सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी, सप्टेंबरात पिवळीधमक सोनकी. खाली बाभूळ, हिवर, तरवड. वरचा डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा, काळा आणि कडक. तोच दगड झिजून, कुजून, नदीने वाहून आणून खाली पसरला त्याची जाड माती झाली. पिवळसर, भुरी, मध्ये-मध्ये चुनखडीचे गोटे असलेली. संगमनेरच्या पुढे प्रवरेच्या काठाला या मातीत पाण्याने जी कापाकापी केली आहे, ती बघण्यासारखी आहे.

भूगोलाच्या पुस्तकात याला ‘उत्खातभूमी’ असा जड शब्द आहे. साध्या मराठीत घळींचा प्रदेश म्हणू. वरून बघितलं तर सपाट माळ. चालत गेलात की अचानक पायाखालची जमीन संपते आणि खाली दोन-तीन माणसं उंचीची घळ. त्या घळीला दुसरी घळ मिळते, दुसरीला तिसरी. आत उतरलात की दहा मिनिटांत दिशा हरवते. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, त्यांवर पाण्याच्या ओघळांच्या उभ्या रेघा, मध्येच एखादा सुळका सुटा उभा, माथ्यावर चुनखडीचा गोटा टोपीसारखा. काही ठिकाणी पाणी वरच्या भेगेतून आत शिरून जमिनीखालून बोगदा करतं आणि पाच-दहा फुटांवर भिंतीतून बाहेर पडतं. जिओटेक्निकलच्या पेपरात ‘पायपिंग’ची व्याख्या आपण दोन मार्कांसाठी घोकतो. इथे त्या पायपिंगमधून मांजर आरपार जाईल!

हे होतं कसं? नदीने आपलं पात्र खोल कापलं की बाजूच्या छोट्या ओहोळांनाही तेवढं खाली उतरावं लागतं. माती मऊ, झाडोरा विरळ, आणि पाऊस कमी असला तरी येतो तो वळवासारखा धो-धो, तासाभरात. ओहोळाचं डोकं मग मागे-मागे सरकत शेतात शिरतं. ज्याच्या शेतात शिरतं त्याला विचारा. तो त्याला निसर्गसौंदर्य म्हणणार नाही.

अमेरिकेत साउथ डाकोटा राज्यात असाच प्रदेश आहे. लाकोटा लोकांनी त्याला नावच ‘माको सिका’ दिलं, म्हणजे वाईट जमीन. इंग्रजीतला ‘बॅडलँड्स’ हा शब्द त्याच अर्थाचा. तिथले उंचवटे वर्षाला साधारण एक इंच झिजतात. त्या ओसाडीला त्यांनी १९३९ मध्ये राष्ट्रीय स्मारक केलं आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. लोक पैसे देऊन बघायला जातात, पहाटे उठून फोटो काढतात. आपल्यातला कुणी एम.एस.ला गेला की पहिल्या उन्हाळ्यात तिथले फोटो पाठवणार, आणि आपण ‘वाव’ म्हणणार. प्रवरेची घळ मात्र आपण पुणे-नाशिकच्या गाडीत झोपून ओलांडतो. आकाराने, रंगाने ती त्याच्या पासंगाला पुरत नाही हे मान्य. पण ती आपल्या उंबऱ्यावर आहे आणि दिवसेंदिवस कमी होतेय.

कमी होतेय ती बुलडोझरने. घळी बुजवून, सुळके पाडून, जमीन एकसारखी करून तिथे शेती होते. याची मुळं पुन्हा वरच्या धरणात आहेत. भंडारदऱ्याचं पाणी कालव्यांतून खाली आलं, दुष्काळी मुलखात ऊस उभा राहिला, आणि १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून पहिला सहकारी साखर कारखाना निघाला. हा इतिहास आपल्याला पाठ असतो, कारण तो भाषणांत येतो. पाणी आलं म्हणजे जमिनीला भाव आला. काठाची जी जमीन आजोबांच्या काळात शेळ्या चारायला होती ती नातवाला उसाला हवी. यंत्रही आता भाड्याने सहज मिळतं. घळ बुजणारच.

इथे मला एक गोष्ट नीट मांडायची आहे, कारण ट्रेकिंगवाल्यांच्या लेखांत इथेच घसरायला होतं. शेतकऱ्याने घळ बुजवू नये असं मी म्हणत नाही. शहरातून शनिवारी येऊन रविवारी परत जाणाऱ्या आणि सोमवारी मेसमध्ये साखरेचा चहा पिणाऱ्या माणसाने त्याला ते सांगणं हा आगाऊपणा आहे. त्याचं शेत घळ खात होती, त्याने घळ खाल्ली. एवढंच की नुसती माती ढकलून सपाट केली आणि पाण्याला बाहेर जायची वाट, बांध, सांडवा काही ठेवलं नाही, तर एखाद्या मोठ्या पावसात पाणी जुनी वाट शोधतं आणि भरलेली माती पहिल्यांदा जाते. हा सिव्हिलचा प्रश्न आहे, तिथे आपला थोडा उपयोग होऊ शकेल. पण जे जातंय ते जाण्याआधी त्याची नोंद ठेवणं, हे तर कुणाचंच काही न अडवता करता येतं. त्याला फक्त पाय आणि कॅमेरा लागतो.

आणि जातंय ते नुसता आकार नाही. या मातीच्या पोटात माणसं आहेत. संगमनेरपासून जवळच प्रवराकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं, तांब्याच्या कुऱ्हाडी आणि काळ्या नक्षीची तांबडी भांडी मिळाली, आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी संस्कृतीला जगभर ‘जोर्वे संस्कृती’ नाव पडलं. आणखी खाली दायमाबादला १९७४ मध्ये एका माणसाला झाडाचं खोड खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले! नेवाशाला तर अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली. एका नदीच्या काठावर एवढं सगळं. आपल्या जर्नलमध्ये या नदीचं नाव फक्त हायड्रॉलिक्सच्या एका गणितात येतं.

आता कुणी म्हणेल, ‘तिथे बघायचं काय? व्ह्यू नाही, धबधबा नाही, वर पोचल्याचा आनंद नाही.’ खरं आहे, घळीत ‘टॉप’ नसतो. पण फोटोग्राफी शिकायची असेल तर मला त्याहून चांगली शाळा माहीत नाही. डोंगरावर सगळं काम डोंगर करतो. नेढ्यात फोन कसाही धरा, फोटो बराच येतो. घळीत तसं चालत नाही. दुपारी बारा वाजता गेलात तर सगळं एकसारखं मातकट, काहीच दिसत नाही. तीच भिंत सकाळी साडेसातला बघा. ऊन आडवं येतं, प्रत्येक ओघळाची एक बाजू उजळ, एक काळी, आणि भिंतीला अचानक खोली येते. रंग कमी असल्यामुळे कृष्णधवल फोटो तिथे विशेष खुलतो. आकाशाला फ्रेममध्ये जागा देऊ नका, ते पांढरं पडतं आणि घळ काळी होते. आणि प्रमाण दिसायला काहीतरी ठेवा. पाण्याची बाटली, पट्टी, लेव्हलिंग स्टाफ, फारच झालं तर रूम पार्टनर. त्याशिवाय दोन फुटांची ओघळ आणि वीस फुटांची घळ फोटोत सारखीच दिसते. एकदा एक फोटो मी कॅन्टीनमध्ये दाखवला, तर तिघांनी त्याला ‘ग्रँड कॅनियन’ म्हटलं. उंची होती गुडघ्याएवढी.

पण मी म्हणतो ते काम याच्या पुढचं आहे. एकाच जागी उभं राहून, एकाच दिशेला, दरवर्षी एकाच महिन्यात फोटो काढायचा. जागेची खूण नोंदवायची (फोन अक्षांश-रेखांश देतोच, पण ते काही मीटर इकडेतिकडे असतात, म्हणून शेजारच्या झाडाची, विहिरीची, विजेच्या खांबाचीही खूण लिहायची), तारीख आणि वेळ लिहायची, झूमला हात लावायचा नाही. पाच वर्षांत पाच फोटो. पहिल्या वर्षी मूर्खपणा वाटेल. तिसऱ्या वर्षी एखादा सुळका नसेल. पाचव्या वर्षी कदाचित तिथे ऊस असेल, आणि तोही फोटो तितकाच मोलाचा. बॅच बदलत जातील, म्हणून वही रूमवर ठेवायची नाही, डिपार्टमेंटच्या कपाटात ठेवायची.

ज्यांना आकडेच लागतात त्यांच्यासाठी फोटोग्रामेट्री आहे. घळीच्या एका तुकड्याभोवती फिरत शंभरेक फोटो काढा, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग आला पाहिजे. मापाला स्टाफ ठेवा. ‘मेशरूम’सारखं फुकट सॉफ्टवेअर त्यातून त्रिमितीय मॉडेल करून देतं. लॅबमधला ग्राफिक्स कार्डवाला कॉम्प्युटर एरवी ज्या कामाला वापरला जातो ते सरांना माहीत आहेच, तर एक रात्र याला द्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, आणि दोन मॉडेलची वजाबाकी म्हणजे त्या तुकड्यातून गेलेली माती. घनमीटरमध्ये! बी.ई.च्या प्रोजेक्टला दरवर्षी जुन्या रिपोर्टचं कव्हर बदलणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा. ड्रोन मात्र परवानगीशिवाय उडवू नका.

फोटोचा हव्यास एखाद्या जागेचं काय करतो, ते याच नदीच्या वरच्या टोकाला दिसतं. मे-जूनमध्ये भंडारदरा परिसरात काजवे बघायला जी गर्दी लोटते ती ज्याने पाहिली असेल त्याला कळेल. नर काजवा लुकलुकतो तो मादीला बोलवायला. त्यात आपण गाडीचे हेडलाइट, टॉर्च आणि फ्लॅश घेऊन घुसतो, म्हणजे कुणाच्या लग्नात मांडवातच जनरेटर लावायचा. आणि अख्खं झाड पेटल्यासारखा जो फोटो बघून सगळे जातात तो बहुतेक वेळा कितीतरी फ्रेम एकमेकींवर चढवून केलेला असतो. डोळ्यांना तसं दिसत नाही. मग ‘एवढंच?’ म्हणत परत यायचं, आणि वाटेत वेफर्सची पाकिटं टाकायची. हे सगळं घळीत आणायचं नसेल तर पहिल्यापासून लहान गट हवा. दहा-बारा जण पुरे. पन्नास जणांची बस करून, टी-शर्ट छापून, बॅनर लावून जायचं असेल तर त्यापेक्षा थिएटर बरं.

घळीत जायच्या काही गोष्टी डोंगरापेक्षा वेगळ्या आहेत, त्या ट्रेकिंगच्या जुन्या भिडूंनीही ऐकाव्यात. पावसाळ्यात जायचं नाही. पाऊस थांबल्यावरही पहिले काही दिवस काठावर उभं राहायचं नाही, कारण खालून माती गेलेली असते आणि वरून गवत छान हिरवं दिसतं. कडेच्या भेगेच्या अलीकडे थांबायचं. भिंतीला टेकून बसायचं नाही. मार्च ते जूनमध्ये भिंतीतल्या भोकांत वेडा राघू अंडी घालतो, तेव्हा भोकासमोर कॅमेरा लावून तासभर ठाण मांडलं की आई-बाप बाहेर ताटकळतात आणि पिल्लं आत उपाशी. लांबूनच बघा, फोटो नाही आला तरी चालेल. घोणस तिथे असणार हे धरूनच बूट घाला. आणि त्या भागातल्या उसात बिबट्या आहे, ही कॅन्टीनमधली दंतकथा नाही. त्यामुळे ‘गोल्डन लाइट’ कितीही गोल्डन असला तरी अंधार पडायच्या आत रस्त्यावर यायचं, आणि पहाटे जाताना एकट्याने जायचं नाही.

आणखी एक. रतनगड अभयारण्यात आहे, तिथे वनखात्याचे नियम असतात. खालची जमीन मात्र बहुतेक ठिकाणी कुणाची तरी मालकीची आहे, घळीसकट. म्हणून आधी वस्तीवर जाऊन ‘राम राम काका, कॉलेजची पोरं आहोत, घळीचे फोटो काढायचेत’ असं सांगायचं. पहिल्यांदा त्यांना वाटतं आपण मोजणीवाले आहोत, किंवा सरकारी माणूस जमीन घ्यायला आलाय. नीट समजावून सांगितलं की तेच पुढे होऊन दाखवतात, अमुक साली इथपर्यंत बांध होता, आमच्या आजाच्या वेळी इथून बैलगाडी जायची. हे लिहून घ्या, त्यांना चालत असेल तर. पन्नास वर्षांपूर्वी कॅमेरा तिथे नव्हता, तेव्हाचा फोटो त्यांच्या बोलण्यातच आहे. आणि पुढच्या वेळी जाताना मागच्या वेळचे दोन प्रिंट नेऊन द्या, व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळे होऊ नका.

या वर्षीचा बेत असा आहे. पाऊस संपून माती वाळली की, म्हणजे दिवाळीनंतरच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी, संगमनेरपर्यंत एस.टी., तिथून पुढे काठाकाठाने पायी, दिवसभरात आठ-दहा किलोमीटर. चढ नाही, पण उतर-चढ-उतर असं गुडघ्याला जाणवेल इतकं आहे. पाणी प्रत्येकी तीन लिटर, वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका. सर्व्हेइंगच्या सरांनी एक लेव्हलिंग स्टाफ आणि टेप द्यायचं कबूल केलंय, मोडला तर डिपॉझिटमधून कापणार आहेत. मेसवाल्यांना आदल्या दिवशी सांगितलं तर पोळी-चटणी बांधून मिळते. डी.एस.एल.आर. असलाच पाहिजे असं काही नाही, फोन चालेल. वही मी आणतोय.